शिजत कसे नाहीत?

नववीत शिकणारी माझी नात मागच्या रविवारी वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने विचारले, "आबा, समुद्राच्या तळाशी चारशे अंश तापमानाच्या पाण्यात प्राणी राहतात असे यात छापले आहे. मग ते शिजत कसे नाहीत?" पस्तीस वर्षे कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने या प्रश्नाला जरा विचार करून उत्तर द्यायला हवे होते, परंतु मी चहाचा कप हातात धरून "त्यांना सवय असते" असे काहीतरी बोलून गेलो. ती गेली, आणि आपण तिला चुकीचे उत्तर दिले आहे हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर नीट जाणवले. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून हे लिहीत आहे.

या विषयाशी माझी ओळख वासातून झाली, असे म्हटले तरी चालेल. १९७७ च्या फेब्रुवारीत मी येथील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमची क्षार ओळखण्याची प्रात्यक्षिके चालू होती. प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत किपचे उपकरण ठेवलेले असे. काचेचे तीन गोल एकावर एक. मधल्या गोलात फेरस सल्फाइडचे काळे खडे आणि बाकीच्या भागात विरल आम्ल. तोटी उघडली की आम्ल वर चढून खड्यांना भिडे आणि हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडे, तोटी बंद केली की वायूच आम्लाला खाली ढकलून देई. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात ती नळी बुडवली की क्षणभर काहीच होत नसे. मग नळीच्या टोकापाशी एक काळा धागा सुटल्यासारखा दिसे आणि बघता बघता अख्खी परीक्षानळी काजळ कालवल्यासारखी होऊन जाई. सडक्या अंड्यांचा तो वास कपड्यांत इतका मुरत असे की घरी गेल्यावर आई मला अंगणातच शर्ट काढायला लावत असे.

त्याच महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असलेल्या गालापागोस बेटांजवळ, एका संशोधन जहाजाच्या प्रयोगशाळेत नेमका हाच वास पसरला होता, हे मला कित्येक वर्षांनी वाचताना समजले. तिथे गेलेले शास्त्रज्ञ भूगर्भ आणि रसायन या विषयांचे होते. समुद्राच्या तळावर जिथे भूकवच दुभंगून नवा लाव्हा वर येतो तिथे गरम पाण्याचे झरे असले पाहिजेत असा तर्क बरीच वर्षे मांडला जात होता, आणि तो पडताळून पाहण्यासाठी ही मोहीम निघाली होती. आधी त्यांनी अँगस नावाचा कॅमेऱ्यांचा सांगाडा जहाजामागून तळालगत ओढत नेला. एका ठिकाणी पाण्याचे तापमान काही मिनिटांपुरते किंचित वाढले, आणि सुमारे ३,००० छायाचित्रांपैकी नेमक्या तेवढ्या वेळच्या १३ छायाचित्रांत काळ्या खडकावर पांढरे शिंपले खच्चून भरलेले दिसले. १७ फेब्रुवारी १९७७ रोजी जॅक कॉर्लिस आणि चीर्ड व्हॅन अँडेल हे दोन भूशास्त्रज्ञ अल्विन या छोट्या पाणबुडीतून, जॅक डॉनली या चालकासह, सुमारे २,५०० मीटर खाली उतरले. खोल समुद्राचा तळ म्हणजे वाळवंट असे मानण्याचा तो काळ होता, आणि कॉर्लिसने खालून जहाजावरच्या विद्यार्थिनीला तेच विचारले, की खोल समुद्र ओसाड असतो ना, मग इथे एवढे प्राणी कसे? जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. वर आणलेले प्राणी टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन अगदी थोडे होते, म्हणून बाकीचे नमुने पनामात विकत घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून ठेवावे लागले. मला या संपूर्ण मोहिमेतील हाच तपशील सर्वांत आवडतो, कारण तयारी भलत्याच गोष्टीची करून गेलेल्या माणसांनी, समोर आलेले न नाकारता, हाताशी असेल त्या बाटलीत ते जपून ठेवले.

आता या ठिकाणांना म्हणायचे काय? इंग्रजी नावाचे 'जलऔष्णिक विवर' असे भाषांतर काही ठिकाणी वाचायला मिळते, परंतु ते शब्द उच्चारताना जीभ अडखळते. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात, आणि राजापूरजवळ त्याच नावाचे गावही आहे. अणुस्कुरा घाटाने खाली उतरून आम्ही कैकदा तिथे गेलो आहोत. तेव्हा मी यांना समुद्रतळाची उन्हाळी म्हणणार आहे. फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आपल्या कोकणातील उन्हाळ्यांखाली जिवंत ज्वालामुखी नाही. जमिनीत खोलवर मुरलेले पावसाचे पाणी तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापून भेगांवाटे वर येते. समुद्रतळावरील उन्हाळ्यांखाली बहुधा तप्त शिलारस असतो, आणि मुरणारे पाणी खारे असते.

हे खारे पाणी तळाच्या भेगांतून एखाद-दोन किलोमीटर आत झिरपते, तापते, आणि तापता तापता त्याचे रसायनच बदलून जाते. त्यातील मॅग्नेशियम खडकात अडकून राहते, पाणी आम्लधर्मी होते आणि मग ते बेसाल्टमधून लोह, तांबे, जस्त, मँगनीज असे धातू ओढून घेते. सोबत हायड्रोजन सल्फाइड असतोच. साडेतीनशे अंशांपलीकडे तापलेले हे पाणी उकळत मात्र नाही, कारण २,५०० मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे २५० पट असतो. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साखरेची पन्नास किलोची ५ पोती रचावीत, तेवढा तो भार आहे. कुकरच्या शिट्टीचे वजन पाण्याला १०० अंशांऐवजी १२० अंशांपर्यंत पाणीच ठेवते. इथे तेच काम अडीच किलोमीटर उंचीचा समुद्र करतो.

असे पाणी वर येऊन तळाजवळच्या २ अंशांच्या थंडगार पाण्यात शिरले की जे घडते ते मी आमच्या पडवीत शेकडो वेळा पाहिलेले आहे. धातू आणि सल्फाइड एकत्र होते, पण उष्णतेने आणि आम्लतेने विरघळलेले राहिले होते. थंडी लागताच धातूंची सल्फाइडे बारीक काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतात आणि पाण्यातून धुराचा लोट उठल्यासारखा दिसतो. ऊस गाळपाच्या दिवसांत पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळात चुलाणात चिपाड टाकल्यावर धुरांड्यातून जसा गच्च धूर निघतो, अगदी तसा. परंतु तो धूर नव्हे, साका आहे. पांढरा 'धूर' सोडणारी धुरांडीही असतात, आणि त्यांच्या पांढऱ्या कणांत बेरियम सल्फेट असते, म्हणजे सल्फेट ओळखण्यासाठी आम्ही बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकून जो पांढरा साका मिळवत असू तोच. धुरांड्याची भिंत कशी उभी राहते हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण कॅल्शियम सल्फेटचे उलटे आहे. समुद्राचे पाणी साधारण १५० अंशांच्या वर तापले की ते बाहेर पडू लागते. म्हणून गरम पाण्याच्या झोताभोवती आधी कॅल्शियम सल्फेटची पांढरी नळी तयार होते, आणि मग तिच्या आतल्या अंगाला तांबे-लोहाच्या सल्फाइडांचे सोनेरी थर चढत जातात.

ही काळी धुरांडी गालापागोसला दिसली नव्हती. ती १९७९ साली मेक्सिकोच्या पश्चिमेस, २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ, पुन्हा अल्विनमधूनच प्रथम पाहिली गेली. चालकाने यांत्रिक हाताने तापमापकाची दांडी धुरांड्याच्या तोंडात खुपसली तेव्हा आकडे वेडेवाकडे दिसू लागले, आणि वर आल्यावर पाहतात तो दांडीचे प्लास्टिकचे टोक वितळलेले. पाणबुडीच्या खिडक्याही त्या पाण्यात तग धरणार नाहीत अशाच पदार्थाच्या, अॅक्रिलिकच्या, होत्या. अजाणता त्यांनी पाणबुडी त्या झोताला किती खेटून उभी केली होती हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले.

अल्विनमध्ये ३ माणसे बसतात, एक चालक आणि दोन निरीक्षक. बसतात हा शब्द सौजन्याचा आहे. सुमारे दोन मीटर व्यासाच्या धातूच्या गोलात उपकरणांच्या मधोमध पाय दुमडून दिवस काढायचा असतो. खाली जाण्यासाठी यंत्र लागत नाही, पोलादी वजने लावलेली असतात. मिनिटाला तीसेक मीटर या वेगाने उतरताना पहिल्या काही मिनिटांतच निळा प्रकाश संपतो आणि विजेरी वाचवण्यासाठी दिवे बंद ठेवल्यामुळे पुढचा तास-सव्वातास खिडकीबाहेर चमकणाऱ्या जीवांच्या ठिणग्यांखेरीज काहीच नसते. आत स्वेटर घालावा लागेल इतकी थंडी असते. तळाशी चार-पाच तास काम, मग वजने सोडून द्यायची आणि पाणबुडी आपोआप वर येते. एवढ्या खटाटोपानंतर दिव्याच्या उजेडात दिसते ती दहा-पंधरा मीटरची जागा. म्हणूनच मला या शोधांचे नवल अधिक वाटते.

आता मूळ प्रश्न. शिजत कसे नाहीत? याचे उत्तर असे की बहुतेक प्राणी त्या तप्त पाण्यात राहतच नाहीत. धुरांड्याच्या तोंडातले पाणी साडेतीनशे अंशांचे असेल, परंतु तिथून हातभर अंतरावर ते थंड पाण्यात इतके मिसळलेले असते की तापमान एकदम खाली येते. १९७७ साली सापडलेल्या पहिल्या उन्हाळ्यांचे पाणी तर दहा-पंधरा अंशांच्या आसपासच होते, म्हणजे जानेवारीत पहाटे आमच्या नळाला येते तेवढे. प्राण्यांची दाटी असते ती दोन पाण्यांच्या सीमेवर. गरम पाण्यात सल्फाइड आहे पण ऑक्सिजन नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन आहे पण सल्फाइड नाही. जीवाणूंना दोन्ही हवेत, कारण सल्फाइडचे ऑक्सिजनशी संयोग करून मिळालेल्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. एक पाऊल इकडे गेले तर भाजणे आहे, एक पाऊल तिकडे गेले तर उपासमार आहे. त्यामुळे वस्ती त्या पट्ट्यापुरतीच असते, आणि शे-दोनशे मीटर पलीकडे तळ पुन्हा उजाड होतो.

या सीमेवरचा सर्वांत देखणा रहिवासी म्हणजे रिफ्टिया हा नळीकृमी. माणसाहून उंच होऊ शकणारी, दोन मीटरपर्यंत वाढणारी पांढरी, चिवट नळी, आणि तिच्या टोकाला रक्तासारखा लाल पिसारा. किंबहुना तो रंग रक्ताचाच आहे. चाहूल लागली की पिसारा झटकन नळीत जातो. या प्राण्याला तोंड नाही, आतडे नाही आणि गुदद्वारही नाही. पहिल्या नमुन्यांची चिरफाड करणाऱ्यांना तो खातो काय हेच उमगेना. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील मेरेडिथ जोन्स यांनी १९८० साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात, याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आढळल्याचे ओझरते सांगितले, तेव्हा श्रोत्यांतील कोलीन कॅव्हानॉ ही संशोधक विद्यार्थिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली की असे असेल तर आत गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत. १९८१ साली तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शरीराच्या मधल्या भागात एक मऊ, स्पंजासारखा अवयव असतो आणि तो अब्जावधी जीवाणूंनी भरलेला असतो. कृमीने त्यांना कच्चा माल पोहोचवायचा, त्यांनी कृमीला जेवू घालायचे.

कच्चा माल पोहोचवणे हे मात्र सोपे काम नाही. हायड्रोजन सल्फाइड हे सायनाइडच्या जातीचे विष आहे. पेशीतील श्वसनाचे शेवटचे विकर ते अडवून धरते. आमच्या पडवीत गॅस जास्त सुटला की डोके जड व्हायचे त्याचे कारण हेच. रिफ्टियाच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा वेगळी आणि सल्फाइडची वेगळी असते, त्यामुळे एकाच वाहनातून दोन्ही प्रवासी एकमेकांना न भेटता, आणि वाटेत कोणाला इजा न करता, जीवाणूंपर्यंत पोहोचतात. रसायनशास्त्राच्या माणसाला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

उष्णतेच्या अगदी जवळ जाणारेही काही आहेत, हे सांगायला हवे. पॉम्पेई कृमी म्हणून ओळखला जाणारा अल्विनेला धुरांड्याच्या भिंतीवरच नळी बांधून राहतो. त्याच्या नळीच्या बुडाशी ८० अंशांच्या आसपास तापमान मोजले गेले आणि हा जगातील सर्वांत उष्णतासह प्राणी असल्याचे छापून आले. पुढे तळावरचा दाब कायम ठेवून त्याला वर आणले आणि तापवून पाहिले, तेव्हा ५० ते ५५ अंशांत तो मेला. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे तोही शिजतोच. खरी सहनशक्ती आहे ती सूक्ष्मजीवांची: हिंदी महासागरातील कायरेई या ठिकाणाहून मिळालेला मिथेन तयार करणारा एक सूक्ष्मजीव १२२ अंशांवरही वाढतो, असे २००८ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांत हटकून येते, की हे जग सूर्यावाचून चालते. हे अर्धेच खरे आहे. अन्न बनवण्यासाठी तिथे सूर्यप्रकाश लागत नाही. परंतु सल्फाइडशी संयोग पावणारा ऑक्सिजन आला कोठून? वरच्या उजेडातील वनस्पतींनी आणि शैवालांनी तो तयार केला, ध्रुवांजवळच्या थंड पाण्याबरोबर तो खाली बुडाला आणि तळातळाने वाहत तिथवर पोहोचला. मिथेन तयार करणाऱ्या त्या सूक्ष्मजीवासारख्यांना ऑक्सिजनचीही गरज नसते, पण रिफ्टियाच्या लाल पिसाऱ्यात सूर्याचा हिस्सा आहेच.

कायरेईचे नाव निघाले म्हणून आपल्या बाजूच्या समुद्राकडे वळतो. तिथे सुमारे २,४०० मीटर खोलीवर २००१ साली एक गोगलगाय सापडली, जिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात. धातूचे चिलखत घालणारा दुसरा प्राणी ज्ञात नाही. त्या खवल्यांतील ग्रेइगाइट हे खनिज चुंबकीय असते. गंमत अशी की याच जातीची सॉलिटेअर नावाच्या ठिकाणची वस्ती पांढऱ्या खवल्यांची आहे, कारण तिथल्या पाण्यात लोह कमी आहे. आमच्या रंकाळ्याचा तलाव जिथे आहे तिथे पूर्वी काळ्या दगडाची खाण होती. तो दगडही बेसाल्टच, आणि समुद्रतळही बेसाल्टचाच. दख्खनचा लाव्हा वाहून गेल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, आणि ज्या भेगेतून तो सुटत गेला ती आजची कार्ल्सबर्ग पर्वतरांग. तेव्हा ही उन्हाळी नात्याने सह्याद्रीपासून फार दूरची नाहीत.

२०२४ च्या डिसेंबरात भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या मध्यवर्ती रांगेवरील सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या एका जिवंत उन्हाळ्याचे छायाचित्र स्वयंचलित पाणबुडीने टिपले. त्यात गोव्याची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची सागर तंत्रज्ञान संस्था यांचा वाटा होता. चेन्नईची हीच संस्था मत्स्य-६००० ही तीन माणसांची पाणबुडी घडवत आहे. तिच्या टायटॅनियमच्या गोलाचा आतला व्यास २.१ मीटर आहे. अभिमान वाटतो, यात शंका नाही. पण २०१६ साली आपण १०,००० चौरस किलोमीटरवर सल्फाइडच्या साठ्यांच्या शोधासाठी करार केलेला आहे, आणि २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेवरील क्षेत्रासाठी आणखी एक झाला. शोधणे आणि खणणे यांत फरक आहे, हे मी मान्य करतो. तरीही ज्या धुरांड्याच्या भिंतीत तांबे आहे त्याच भिंतीवर प्राणी राहतात, आणि लोहखवल्यांची ती गोगलगाय २०१९ साली खाणकामाच्या धोक्यामुळे संकटग्रस्त जातींच्या यादीत गेली आहे. माझे मत विचाराल तर थंड पडलेली, निर्जन धुरांडी आधी मोजावीत. जिवंत उन्हाळ्याला हात लावू नये.

हे सगळे मी नातीला सांगितले तेव्हा तिने पुढचा प्रश्न विचारला, "आणि झरा आटला की?" आटतो. कुठे काही वर्षांत, कुठे काही दशकांत खालची वाट बुजते, आणि जागा बदलू न शकणारे कृमी उभ्या उभ्या मरतात. कधी लाव्हाच वर येतो. १९९१ च्या एप्रिलमध्ये पूर्व पॅसिफिकच्या रांगेवर, ९ अंश ५० मिनिटे उत्तर अक्षांशाजवळ, अल्विन खाली पोहोचली तेव्हा ताज्या लाव्ह्यात करपलेले नळीकृमी पडलेले होते. संशोधक तिथे पुन्हा पुन्हा जात राहिले. आधी पांढऱ्या जीवाणूंचे थर आले, मग टेव्हनिया नावाचे बारीक कृमी, आणि मग रिफ्टिया. १९९३ च्या डिसेंबरात, म्हणजे बस्तान बसल्यापासून दोन वर्षांच्या आतच, त्याच्या नळ्या दीड मीटरच्या झालेल्या होत्या. रिफ्टियाची अळी काही न खाता सरासरी ३८ दिवस तग धरू शकते. तेवढ्या दिवसांत प्रवाहाने तिला दुसऱ्या उन्हाळ्यापाशी नेऊन सोडले तर ती वाचते. तिच्या अंगात तेव्हा जीवाणू नसतात. तळाला टेकल्यावर ते आसपासच्या पाण्यातून तिच्या त्वचेवाटे आत शिरतात.

ऐकून झाल्यावर तिने पुरवणी पुढे ओढली, पेन्सिलीने 'चारशे अंश तापमानाच्या पाण्यात' मधील शेवटच्या शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'पाण्याशेजारी' असे लिहिले.